हात उजवा, हुकूम डाव्याचा

मराठी घरांत डाव्या हाताचा बंदोबस्त फार पूर्वीच झाला. जेवताना डावा हात पानाकडे वळला की आजी डोळे वटारणार. देवाला फूल डाव्या हाताने वाहिलं तर ते पोचत नाही. वाण्याला नोट डाव्या हाताने दिली, तर तो भर गिऱ्हाइकांत 'उजव्या हातानं द्या' असं सुनावणार. या सगळ्या धरपकडीत डावा डोळा मात्र बिनबोभाट सुटला. उजव्याच्या शेजारी तो सभ्यपणे बसून असतो, त्याच्याबरोबर उघडतो, त्याच्याबरोबर मिटतो. बायकांचा डावा लवला तर शुभ आणि पुरुषांचा उजवा, एवढीच काय ती त्याची दप्तरी नोंद. घराची सगळी सूत्रं त्याच्याकडे असू शकतात, अशी शंका कुणाला येत नाही. ती आलीच तर बहुधा पिस्तूल हातात घेतल्यावर येते.

पिस्तूल म्हणजे एअर पिस्तूल, घाबरू नका. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये रायफलमध्ये विश्वविजेती झाली, राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचं सोनं आणलं आणि २०२४ला कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसहून रायफलचं कांस्यपदक घेऊन आला. तेव्हापासून आपल्याकडे नेमबाजी हे तालमीइतकंच घरगुती प्रकरण झालं आहे. मी भाच्याला सोडायला जातो ती रेंज एका व्यापारी संकुलाच्या तळघरात आहे. वर साड्यांचं दुकान, खाली दहा मीटरचा पल्ला. पालकांसाठी भिंतीलगत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या आहेत आणि तिथून बॅचमधला प्रत्येक माणूस नीट न्याहाळता येतो: शाळकरी पोरं, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या दोन मुली, एक दंतवैद्य, आणि बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले एक काका. काकांनी पहिल्याच दिवशी टोपी, चष्मा, बूट, टॉवेल आणि नोंदींची वही असा सगळा सरंजाम आणला होता. नव्हतं ते फक्त पिस्तूल.

आणि ते मिळणारही नव्हतं. कोच पहिल्या दिवशी पिस्तुलाला हात लावू देत नाहीत. ते खिडकी करायला लावतात. दोन्ही हात समोर ताठ धरायचे, तळवे एकमेकांवर आणून अंगठ्यांपाशी छोटंसं भोक ठेवायचं आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायचं. मग हात न हलवता एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं तो 'मास्टर आय'. ज्याला एकदम भिंतीचा डिस्टेंपर दिसायला लागतो तो नामधारी.

काकांच्या उजव्या डोळ्याला डिस्टेंपर दिसला. त्यांनी चाचणी पुन्हा केली. घड्याळ बदलून पंखा घेतला, पंखा बदलून आग विझवायचं नळकांडं घेतलं, शेवटी मला खिडकीत धरलं. प्रत्येक वेळी निकाल डाव्याच्या बाजूने.

"सर, काहीतरी गडबड आहे," काका म्हणाले. "माझ्या उजव्याचा नंबर कमी आहे. दोघांत चांगला डोळा तो आहे."

"काका, चांगला कोणता आणि मास्टर कोणता, याचा एकमेकांशी संबंध नसतो."

सारी हयात बँकेच्या हेड ऑफिसचे आदेश पाळण्यात गेलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही.

या गोष्टीचा छडा लागून चारशेहून जास्त वर्षं झाली. जांबातिस्ता देल्ला पोर्ता नावाच्या इटालियन विद्वानाने १५९३ सालच्या प्रकाशशास्त्राच्या ग्रंथात नोंदवून ठेवलं होतं, की माणसाचे दोन डोळे समसमान कारभारी नसतात, नेम धरताना एकाचंच चालतं. हाताचं गणित सरळ आहे. उजवा हात मेंदूच्या डाव्या अर्ध्याच्या ताब्यात, डावा उजव्याच्या. डोळ्यांचा सातबारा मात्र सामायिक आहे. प्रत्येक डोळा दिसणाऱ्या दृश्याचा अर्धा भाग मेंदूच्या एका बाजूला पाठवतो आणि उरलेला दुसऱ्या बाजूला. म्हणून हात उजवा असला की डोळाही उजवाच असणार, अशी कोणतीही सक्ती निसर्गाने केलेली नाही. दोन तृतीयांशाच्या आसपास लोक उजव्या डोळ्याचे, एक तृतीयांशाच्या आसपास डाव्या. डावखुरे सगळे मिळून दहा टक्क्यांच्या घरात. हे सगळे डावखुरे डाव्या डोळ्याचे आहेत असं धरून चाललं, तरी शंभरातले वीसेक लोक हाताने उजवे आणि डोळ्याने डावे उरतातच. म्हणजे तुम्ही भरलेल्या एसटीत बसला असाल तर आजूबाजूला असे दहाएक प्रवासी आहेत. त्यांना हे ठाऊक नाही, कारण भाजी घ्यायला, भांडायला आणि खिडकीची जागा पकडायला दोन्ही डोळे चालतात. फार तर कॅमेऱ्याच्या भिंगाला डावा डोळा लावणाऱ्या माणसाचं नाक मागच्या काचेवर घासतं आणि तो दर फोटोनंतर रुमालाने काच पुसत बसतो. तेवढाच सुगावा.

यातही एक गंमत आहे. नजर समोरून काढून बरीच एका बाजूला नेली की ही सत्ता बदलू शकते, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. उजवीकडे बघायला लागलं की उजवा डोळा सूत्रं हातात घेतो, डावीकडे वळलं की डावा. महाराष्ट्राच्या जनतेला हे समजावून सांगायची गरज नाही.

बाकी आयुष्यात ज्याने काही बिघडत नाही, ते पिस्तुलाने का बिघडावं? कारण पिस्तुलाला दोन खुणा असतात, मागे खाच आणि पुढे खुंट. रेंजवर त्यांना रिअर साइट आणि फ्रंट साइट म्हणतात. खुंट खाचेच्या बरोबर मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, आणि दोघांची डोकी एका रेषेत. या दोन खुणांमधलं अंतर साधारण ३५ सेंटीमीटर. खुंट खाचेत एक मिलिमीटर सरकला, तर दहा मीटरवर छर्रा जवळजवळ तीन सेंटीमीटर सरकतो. दहाच्या वर्तुळाचा व्यास आहे ११.५ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. एका मिलिमीटरच्या चुकीत दहाचे सात होतात. ही झाली एकाच डोळ्याने बघणाऱ्याची चूक.

आता काकांचा हिशेब करू. उजव्या हाताने पिस्तूल उजव्या डोळ्यासमोर धरलं. मागची खाच उजव्या डोळ्याने जुळवली आणि खुंट टार्गेटवर आला का, हे मात्र डाव्याने परस्पर ठरवलं. दोन बाहुल्यांमधलं अंतर साधारण ६३ मिलिमीटर. हात लांब केल्यावर खुंट जवळपास ९० सेंटीमीटरवर जातो. त्रिकोण मांडून बघा: छर्रा टार्गेटच्या डावीकडे अर्ध्या मीटरहून जास्त, सुमारे ६४ सेंटीमीटरवर जाऊन बसतो. दहा मीटर रेंजवर एका नेमबाजाला मिळणारी पट्टी कमीत कमी एक मीटर रुंद असते, म्हणजे मधल्या टार्गेटपासून हद्द पन्नास सेंटीमीटरवर. काकांचा छर्रा बांध ओलांडून शेजाऱ्याच्या रानात पडला! आणि बांध कोरल्यावर जे होतं ते झालंच. शेजारच्या लेनवर दंतवैद्य होते. आपल्या टार्गेटच्या कडेला हे जास्तीचं भोक कुठून आलं, यावर त्यांनी काकांकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर ते एरवी भूल न देता दाढ काढताना वापरत असावेत.

पण सहसा इतकं रोखठोक घडत नाही. नवख्याला दोन खुंट दिसतात, किंवा एक खुंट आणि दोन टार्गेटं दिसतात, आणि हात हवेत धरून तो कुठलं खरं याचा विचार करत राहतो. पिस्तूल दीड किलोपर्यंत असू शकतं आणि ते एकाच हाताने धरायचं असतं. मनगटाला कसलाही आधार चालत नाही. विचारवंताचा हात दहा-बारा सेकंदांत थरथरायला लागतो.

आता द्रोणाचार्यांचा विषय निघतोच. तळघराच्या जिन्यातच अर्जुनाचं भलंमोठं चित्र लावलेलं आहे: झाडावर पोपट, खाली धनुष्य ताणलेला अर्जुन. येणारा प्रत्येक पालक मुलाला ते दाखवून सांगतो, 'बघ, त्याला फक्त पोपटाचा डोळा दिसत होता.' आणि आत गेल्यावर कोचना तेच मुलाच्या डोक्यातून काढून टाकायला महिना जातो. पिस्तुलाच्या नेमबाजीत पोपटाचा डोळा स्पष्ट दिसला तर तुम्ही नापास. स्पष्ट दिसायला हवा तो खुंट. खाच जराशी धूसर आणि टार्गेट म्हणजे पांढऱ्यावर एक विरघळलेला काळा ठिपका. शिवाय नेम त्या काळ्या ठिपक्यावरही नसतो, बहुतेक जण तो त्याच्या खालच्या पांढऱ्यात धरतात. 'काय दिसतंय?' या प्रश्नावर 'खुंट दिसतोय, पोपट अंधुक आहे आणि मी पोपटाच्या पायांखाली बघतोय' असं उत्तर देणारा शिष्य द्रोणांनी धनुष्य काढून घेऊन घरी पाठवला असता. आमचे कोच त्याला जिल्हा स्पर्धेला पाठवतात.

काकांचं निदान झाल्याची बातमी तळघरात पसरली आणि उपाय यायला लागले. आपल्याकडे आजारापेक्षा उपाय सांगणारे नेहमीच जास्त. चहा घेऊन येणाऱ्या पोऱ्याचं मत सगळ्यांत साधं होतं: डावा डोळा मिटा. जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीवर आपण सगळे असंच शिकलो. स्टॉलवाला सांगतो, 'एक डोळा मिटा, साहेब,' आपण अख्खं तोंड वाकडं करतो आणि फुगा तसाच डोलत राहतो. (त्या बंदुकीच्या नळीचा कल ठाऊक असलेला जगात एकच माणूस असतो, आणि तो फुगे बांधत असतो.) तीन छर्‍यांपुरतं हे ठीक आहे. स्पर्धेत साठ नेम असतात आणि त्यासाठी ७५ मिनिटं मिळतात. तेवढा वेळ एक डोळा घट्ट मिटून बसलं की गाल ओढला जातो, उघड्या डोळ्याची पापणीही फडफडायला लागते. शिवाय एका डोळ्याचा उजेड बंद झाला की दुसऱ्याची बाहुली मोठी होते, आणि मोठ्या बाहुलीला खाच आणि खुंट एकदम नीट दिसणं जड जातं. काकांची अडचण याहून मूलभूत होती. त्यांना एकच डोळा मिटताच येईना. डावा मिटला की उजवाही मिटे. आयुष्यात कुणाला डोळा न मारल्याचे असे तोटे असतात.

म्हणून मिटायचा नाही, झाकायचा. त्यासाठी चष्म्याला किंवा टोपीला ब्लाइंडर लावतात: एक पट्टी, समोरून लावायची असेल तर ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. ती पांढरी आणि अर्धपारदर्शक असलेली बरी, म्हणजे डोळ्याला उजेड मिळतो पण दृश्य मिळत नाही. कितीतरी अधिकाऱ्यांना निवृत्तीच्या आधी अशाच पदावर ठेवतात. विकतची पट्टी मिळते, पण रेंजवर निम्म्या पोरांच्या डोळ्यांसमोर लग्नपत्रिकांचे तुकडे लटकत असतात. भाच्याच्या डोळ्यावर कित्येक दिवस 'आपली उपस्थिती हाच आहेर' एवढं वाक्य होतं.

पण ब्लाइंडरने काकांचं भागेना, कारण ते झाकत होते तो मास्टर डोळा. राजाला कोंडून प्रधानाकडून राज्य चालवण्यासारखं ते झालं. बरेच लोक ते चालवतातही, अगदी वरच्या पातळीवरही. काकांचा प्रधान मात्र दर चौथ्या नेमाला गोंधळायचा.

मग भरतीवाल्या मुलींपैकी एकीने सुचवलं: काका, हातच बदला. डावा डोळा तर डावा हात. हे ऐकायला जितकं सोपं आहे तितकंच खर्चिक. एअर पिस्तुलाची मूठ लाकडातून कोरलेली असते, बोटांच्या खाचांसकट, उजव्यासाठी वेगळी आणि डाव्यासाठी वेगळी. पण इथे काकांना मोठा आधार मिळाला तो हंगेरीच्या कारोली ताकाचचा. लष्करातला हा नेमबाज. १९३८ साली सदोष हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात, नेमाचा हात, निकामी झाला. त्याने कुणाला न सांगता डाव्या हाताने सराव केला आणि १९४८ला लंडनच्या आणि १९५२ला हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचं सुवर्ण डाव्या हाताने जिंकलं. काकांनी ही हकिकत वहीत उतरवून घेतली, घरी जाऊन डाव्या हाताने दूध ओतायचा सराव केला आणि काकूंनी तो तिथेच थांबवला.

या सगळ्यात सर्वांत उपद्रवी ठरला तो तुर्कस्तानचा यूसुफ दिकेच. पॅरिसमध्ये ३० जुलै २०२४ला मिश्र एअर पिस्तुलात त्याला आणि त्याच्या जोडीदारणीला रौप्य मिळालं. साधा चष्मा, टी-शर्ट, एक हात खिशात, दोन्ही डोळे टक्क उघडे. पन्नाशी उलटलेला माणूस जणू दूध आणायला निघाला होता आणि वाटेत पदक घेतलं. सगळ्या जगाने त्याचा फोटो पुढे धाडला. त्याच स्पर्धेत मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी कांस्य जिंकलं होतं, ते आपल्या ग्रुपांवर दुसऱ्या नंबरला गेलं. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या तळघरात चाळिशीपुढचा प्रत्येक पुरुष एक हात खिशात घालून, ब्लाइंडर काढून, भुवया न हलवता उभा. खिशातला हात ही काही स्टाइल नाही, तोल सांभाळण्यासाठी जवळजवळ सगळेच पिस्तूलवाले तो कुठेतरी अडकवतात. आणि दोन्ही डोळे उघडे ठेवण्याचा अर्थ दोन्ही डोळ्यांचं ऐकणं असा नाही. दोघांनी बघायचं, पण एकाचंच मानायचं, ही शिस्त लावायला वर्षं जातात. फोटोत वर्षं दिसत नाहीत, टी-शर्ट दिसतो.

कोच हे सगळं ऐकून घेत होते. एका संध्याकाळी त्यांनी काकांचा चष्मा काढला, भिंग उजव्या बाजूवरून उचलून डाव्या डोळ्यासमोर बसवलं आणि लग्नपत्रिका उजव्या डोळ्यापुढे टांगली. हात उजवाच, मूठ उजवीच. "काका, रायफल असती तर तुमचं खरंच अवघड होतं," ते म्हणाले. रायफलला गाल टेकावा लागतो, त्यामुळे ज्या खांद्यावर दस्ता त्याच बाजूचा डोळा कामाला लागतो. पिस्तूल तुमच्या तोंडापासून एक अख्खा हात लांब असतं. तिथे डोळा आणि खुंट यांची भेट घडवायला फार तर काही बोटांचं अंतर सरकायचं असतं.

पण सरकायचं कशाने, यात सगळी मेख आहे. नवखा मनगट वाकवतो. मनगट वाकलं की ट्रिगर दाबताना ते आपल्या जागी परत जायला बघतं, आणि छर्राही त्याच्यामागे जातो. कोचनी काकांच्या मनगटाला हात लावला नाही, त्यांचे पाय हलवले. काका आधी टार्गेटला जवळजवळ खांदा देऊन उभे होते, बसच्या दांड्याला धरून उभं राहावं तसे. मागचा पाय थोडा सरकवून छाती टार्गेटकडे उघडली, हात छातीसमोर किंचित आत आला, हनुवटी उजव्या खांद्याकडे जराशी वळली. मान कलती करायची नाही, फक्त वळवायची. कलती मान कानातल्या तोलाच्या यंत्रणेला गोंधळात टाकते. मग डोळे मिटून हात उचलायचा आणि उघडून बघायचं, खुंट आपसूक टार्गेटखाली येतो का. नाही आला तर पुन्हा पायच हलवायचे. काकांचा खुंट तिसऱ्यांदा पाय हलवल्यावर टार्गेटखाली आला. तो त्यांना एकच दिसला. त्यांनी लगेच वहीत दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढून घेतली, बुटांसकट.

पोलीस भरतीच्या मुलींना पुढे दोन्ही हातांनी पिस्तूल धरायला शिकवतात, तिथे तर हे आणखी सोपं. पिस्तूल छातीच्या मध्यावरून तीनेक सेंटीमीटर डावीकडे, हनुवटी किंचित उजवीकडे, संपलं. त्यांच्यातली एक क्रॉस डॉमिनंट, म्हणजे काकांसारखीच हाताने उजवी आणि डोळ्याने डावी, निघाली. तिला हे पाच मिनिटांत जमलं आणि काकांना त्याचं फार वाईट वाटलं.

काकांचे नेम आता दहाच्या आसपास जमायला लागले आहेत, मधूनच दहाच्या आतल्या छोट्या वर्तुळातला इनर टेनसुद्धा येतो, दंतवैद्यांशी बोलणं सुरू झालं आहे. नवी भानगड डॉक्टरांकडची आहे. काकांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात निघाली. डॉक्टरांनी समजावलं, की एका डोळ्यात लांबचं भिंग आणि दुसऱ्यात जवळचं बसवता येतं, म्हणजे चष्मा फारसा लागत नाही, आणि लांबचं सहसा मास्टर डोळ्यात बसवतात. एवढं बोलून ते काकांचा मास्टर डोळा तपासायला निघाले.

"डावा," काका म्हणाले, "आणि तो लांबचा नको. मला फ्रंट साइट दिसली पाहिजे." त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. बाहुलीपासून खुंटापर्यंतचं अंतर टेपने मोजून आणलेलं होतं.

डॉक्टरांच्या फॉर्मवर वाचन, टीव्ही आणि वाहन चालवणे असे तीनच चौकोन होते. त्यांनी सुचवलं, की नेमापुरता अर्धा-पाऊण नंबरचा वेगळा चष्मा करा, त्यासाठी डोळा कशाला कायमचा अडकवता? काका म्हणाले, चष्मा घरी विसरला तर? मग काकू, ज्या इतका वेळ फाइल मांडीवर घेऊन गप्प बसल्या होत्या, त्या बोलल्या.

"म्हणजे एक हात अंतरावरची ती काडी तेवढी स्पष्ट आणि त्यापलीकडे उभी असलेली मी कायमची धूसर का?"

"असं कसं?" काका म्हणाले. "तू नेहमी अगदी जवळ येऊन बोलतेस. ते खातं उजव्या डोळ्याकडे आहे."